पहिलं कणीस आणि जुने कपडे

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज आला. "पूरग्रस्तांसाठी जुने कपडे, चादरी, भांडी जमा करत आहोत. रविवारी सकाळी गेटवर आणून द्यावे." खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. मी काहीच लिहिलं नाही. कारण २०१९ साली असाच एक मेसेज मी स्वतः लिहिला होता. ते प्रकरण पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, आपल्याच उपनगरांचा. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

अंधेरी पूर्वेला सीप्झ आहे. हिऱ्यांच्या, सॉफ्टवेअरच्या कंपन्या, गेटवर पहारा, पासशिवाय आत सोडत नाहीत. त्याच कुंपणाच्या आत एका चर्चचे भग्न अवशेष उभे आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्ट, १५७९ सालचं, जेझुइटांनी बांधलेलं. १७३९ पर्यंत मराठ्यांनी साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडून घेतली, पुढे इंग्रज आले, तरी गावकऱ्यांची उपासना चालूच राहिली. इथले जुने ख्रिस्ती चर्चला 'देऊळ'च म्हणतात, हे बाहेरून आलेल्यांना अजून नवल वाटतं.

मग १८४० मध्ये साथ आली. कोंडिविट्याची वस्ती होत्याची नव्हती झाली. उरलेल्यांनी गाव सोडलं आणि मरोळला नवं देऊळ बांधलं, सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. जुनं तसंच झाडाझुडपांत राहिलं. १९७३ मध्ये भोवती सीप्झ झालं. आजही वर्षातून एकदा, मे महिन्यात, लोक त्या पडक्या भिंतींत जमतात आणि मिस्सा होते. ज्या समाजाने स्वतः गाव सोडलंय, त्याला 'आपद्ग्रस्त' हा शब्द वर्तमानपत्रातून शिकावा लागत नाही.

मी ख्रिस्ती नाही. पण माझं बालपण बोरिवलीत ईस्ट इंडियन शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेलंय. हे 'ईस्ट इंडियन' नाव १८८७ चं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी असोसिएशन निघाली तेव्हाचं. गोव्याहून, मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळचे, हे सरकारला कळावं म्हणून घेतलेलं. माणसं मात्र इथलीच: भातशेती करणारी, मीठ पिकवणारी, मासे मारणारी, घरात मराठी बोलणारी.

त्यांचा एक सण आहे, आगेरा. ऑक्टोबरात, भात कापणीला आलं की पहिली कणसं वाजतगाजत देवळात नेतात, फादर आशीर्वाद देतात. आता शेतं गेली, टॉवर आले, तरी गोराई-मनोरीपासून मरोळपर्यंत आगेरा होतो. काही ठिकाणी कणसं बाहेरून आणावी लागतात. पण मुद्दा कायम आहे. देवाला जे द्यायचं ते पहिलं आणि चांगलं. खाऊन उरलेलं नव्हे.

दुसरी खूण गावठाणातल्या क्रुसांची. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. नंतर घरझडत्या, सक्तीने वेगळं ठेवणं, आणि जीव मुठीत घेऊन शहर सोडणारी माणसं. वांद्र्यात आणि वरच्या गावठाणांत त्या काळात नवस म्हणून क्रूस उभे राहिले. 'प्लेग क्रॉस' म्हणून त्यातले कित्येक अजून आहेत, रस्तारुंदीच्या नोटिसा झेलत. मे महिन्यात संध्याकाळी तिथे रोझरी म्हणतात, नंतर उकडलेले चणे वाटतात. लहानपणी मी चण्यांसाठीच जायचो. आता कळतं की त्या चण्यांच्या निमित्ताने अख्ख्या आळीची हजेरी लागायची. कोण आलं नाही, कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, सगळं तिथे कळायचं. मदत करायची तर आधी बातमी लागते, आणि बातमी रोजच्या उठबशीतून येते.

याच समजुतीवर चाललेली एक जुनी संस्था पुष्कळ पॅरिशांत आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन सुरू केली. हिची पद्धत साधी. सभासद जोडीने गरजूच्या घरी जातात. बसतात, बोलतात, चूल बघतात, औषधाची चिठ्ठी बघतात. मग ठरतं काय द्यायचं, किती दिवस द्यायचं. सभेत वर्गणीची थैली फिरते तीही गुप्त, कोणी किती टाकले ते शेजारच्याला कळत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, ते असं. फोटो नाही, बॅनर नाही. आम्हा पत्रकारांच्या कामाची संस्था नाही!

आता माझ्या आठवणीतल्या आपत्ती.

किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास. विसर्जन उरकून लोक नुकते झोपले होते. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीची जड माळवदं. आठ-दहा हजार माणसं गेली. आमच्या शाळेने कपडे गोळा केले. मी माझा तोकडा झालेला, बटणं तुटलेला शर्ट दिला आणि आठवडाभर छाती काढून फिरलो. पुढे पत्रकारितेत आल्यावर त्या भागातल्या पुनर्वसनावर वाचलं तेव्हा कळलं की तिथला खरा प्रश्न नंतरचा होता. नवी गावं शहरासारखी लांबलचक रांगांत आखली गेली, गुराढोरांना जागा नाही, शेजार तुटला. घर मिळालं तरी गाव जुळायला वर्षं गेली. तोपर्यंत आमच्या शाळेतली पेटी केव्हाच रिकामी झाली होती.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात दोन ऋतू. मी तेव्हा एका साप्ताहिकात नवा होतो. अंधेरीहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघालो आणि रात्री एका चर्चच्या हॉलमध्ये शिरलो. मंदिरं, मशिदी, गुरुद्वारे सगळीच त्या रात्री उघडी होती, हे उपनगरांनी विसरू नये. त्या हॉलमध्ये चहा, पाव आणि कोरडा टॉवेल मिळाला.

पण मला आठवते ती त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची गोष्ट. बातमीसाठी परत गेलो तर एक वयस्क बाई रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. रांगेतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न. "काय गेलं घरातलं, ते सांग आधी." काय हवंय, असं नाही. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "काय हवं विचारलं तर समोर जे दिसतंय तेच मागतात, पोरा. समोर चादरी असल्या तर चादर. काय गेलं विचारलं की खरं निघतं." रजिस्टरमध्ये होतं: शिलाई मशीन. रेशनकार्ड. दहावीची पुस्तकं. डायबेटिसच्या गोळ्या. वडापावची गाडी. चादर एका पानावर दोनदाच.

ऑगस्टमध्ये लेप्टोस्पायरोसिसने माणसं जाऊ लागली, तेव्हा कपड्यांचे ढीग कोणाच्या कामाचे नव्हते. औषधं, डॉक्टर आणि स्वच्छ पाणी हवं होतं.

एवढं सगळं पाहूनही मी २०१९ मध्ये काय केलं? सांगली-कोल्हापुरात महापूर आला. मी पोस्ट टाकली, "कपडे आणा." तुम्ही आणलेत. यातल्या कित्येकांनी आणलेत, नावं आठवतात. गाडी भरली, मीही सोबत गेलो. नदीकाठच्या एका गावात शाळेत उतरवायचं ठरलं होतं. तिथल्या मास्तरांनी हात जोडले. दोन वर्गखोल्या छतापर्यंत कपड्यांनी भरलेल्या. ओल्या भिंती, कुबट वास. ते म्हणाले, "साहेब, तुमचं मन मोठं आहे. पण पोरं कुठे बसवू?" बाहेर एक शेतकरी उभा होता. त्याची म्हैस वाचली होती आणि तिला घालायला वैरण नव्हती. आमच्या गाडीभाड्याच्या, डिझेलच्या, टोलच्या पैशात त्या गावाला काही दिवसांचा चारा आला असता. परत येताना फोटो मात्र आम्ही काढले होते. ते मी टाकलेही. तुमचे दोनशेवर लाइक आले. आज ती पोस्ट काढून टाकतोय, आणि हे त्या जागी लिहितोय.

म्हणून त्या सोसायटीच्या ग्रुपवर आज मी हे टाकणार आहे:

पैसे द्या. पैशाचा चाराही होतो, औषधही, वहीही. शिवाय ते तिथल्याच दुकानात खर्च होतात, तिथला बाजार उभा राहतो.

कोणाला देताय ते बघा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर खात्याचं नाव कोणाचं येतं ते वाचा. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, पावती मिळते. तिथे आधीपासून काम करणारी संस्था असेल तर उत्तम. पॅरिशमधल्यांना कॅरितास इंडिया ठाऊक आहे, १९६२ पासूनची. तुमच्या ओळखीची दुसरी असेल तर ती. पण हिशेब विचारा. हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे.

वस्तूच द्यायची तर आधी तिकडे फोन करा. आणि द्याल ती नवी द्या.

शेवटचं. जमलेल्यातलं निम्मं आज द्या, निम्मं तीन महिन्यांनी. तेव्हा टीव्हीवर पूर नसेल, पण बँकेचा हप्ता, पेरणीचं बियाणं आणि पोरांची फी असेल.

बटणं तुटलेला तो शर्ट किल्लारीत कोणी घातला असेल का, हा विचार मला अजून छळतो. आगेऱ्याला पहिलं कणीस नेणाऱ्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर वाढूनही मी उरलेलंच दिलं होतं.

तुमच्या पॅरिशमध्ये, मंडळात, मोहल्ल्यात असं रजिस्टर ठेवणारी कोणी मावशी, काका असतील तर खाली लिहा. नाव नको, फक्त त्या काय विचारतात ते लिहा.