तिकीट कुठे काढायचं?

आई-बाबा इकडे आले होते तेव्हाची गोष्ट. एका रविवारी त्यांना कोनी आयलंडला घेऊन गेलो. न्यूयॉर्कच्या सबवेचं अगदी शेवटचं स्टेशन. बाहेर पडलं की मोठमोठे पाळणे, आणि त्यांच्यापुढे लाकडी फळ्यांचा लांबरुंद रस्ता. हाच तो बोर्डवॉक. पलीकडे वाळू आणि अटलांटिक.

"तिकीट कुठे काढायचं रे?" बाबांनी खिशात हात घातला.

"बाबा, समुद्राला कसलं तिकीट!" मी हसलो.

घरी येऊन थोडं वाचलं तेव्हा कळलं, प्रश्न बरोबरच होता. फक्त शंभरेक वर्षं उशिरा विचारलेला!

एकेकाळी इथल्या किनाऱ्याचा बराच भाग हॉटेलवाल्यांच्या आणि स्नानगृहांच्या मालकांच्या ताब्यात होता. कुंपणं पार पाण्यापर्यंत. डुंबायचं तर पैसे मोजा. आणि नुसते पैसे असूनही भागायचं नाही. शेजारच्या मॅनहटन बीचचा मालक ऑस्टिन कॉर्बिन याने १८७९ मध्ये चक्क जाहीर केलं होतं की ज्यू लोक आम्हाला इथे नकोत.

१९२० च्या सुमारास सबवे इथवर पोचली. भाडं पाच सेंट. शहरातल्या कोंदट खोल्यांतून कामगार कुटुंबं लोटली. त्यांना बसायला जागा कुठे? मग शहराने किनारा ताब्यात घेतला, कुंपणं हटवली, समुद्रातून वाळू उपसून किनारा रुंद केला आणि ८० फूट रुंदीचा बोर्डवॉक बांधला. १५ मे १९२३ ला तो खुला झाला. त्यासाठी खटपट करणाऱ्या ब्रुकलिनच्या एडवर्ड रीगलमन यांचंच नाव त्याला आहे.

आई तिथल्या बाकावर बसली होती. शेजारी रशियन बोलणाऱ्या दोन आज्या. पुढच्या ब्रायटन बीचवर सोव्हिएत देशांतून आलेल्या ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कॉर्बिनसाहेबांनी पाहायला हवं होतं! "अगदी आपल्या चौपाटीसारखंच आहे की," आई म्हणाली.

मी आणि बाबा पश्चिमेच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे बोर्डवॉक संपतो आणि सी गेट ही खाजगी वसाहत लागते. समोर कुंपण.

"इथे मात्र तिकीट लागत असेल," बाबा म्हणाले.

या वेळी मी हसलो नाही.