अंगण मुद्दाम वाकडं

टॉमी कूपर या ब्रिटिश विनोदवीराबद्दलचं एक मत इतकं रुजलं आहे, की ते आता कुणी तपासूनही पाहत नाही. मत असं : हा कच्चा जादूगार होता. प्रयोग फसायचे, लोक हसायचे, म्हणून त्यानं फसण्याचाच धंदा मांडला. नाचता येईना, अंगण वाकडं. त्यातून सहा फूट चार इंचांचा देह आणि डोक्यावर लाल फेझ टोपी. नुसता येऊन उभा राहिला तरी हशा. त्यात मेहनत कसली?

या पूर्वपक्षाला काहीच आधार नाही, असं नव्हे. १९२१ साली वेल्समधल्या कॅरफिली गावी जन्मलेला कूपर उमेदीच्या वयात बोटी बांधण्याच्या कारखान्यात शिकाऊ होता. तिथल्या सोबत्यांपुढे केलेला प्रयोग खरोखरच फसला आणि हशा पिकला, अशी हकिकत आहे. फेझही योगायोगानंच आली म्हणतात. युद्धकाळात कैरोमध्ये सैनिकांपुढे खेळ करताना त्याचं नेहमीचं हेल्मेट सापडेना, तेव्हा जवळून जाणाऱ्या वेटरची टोपी उचलून त्यानं डोक्यावर चढवली.

हे सगळं मान्य. पण अपघात एकदा घडतो. तोच अपघात रोज, ठरल्या वेळी, ठरल्या जागी घडवून आणायचा तर त्याला कसब लागतं. कूपर ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या लंडनमधल्या मानाच्या संस्थेचा सभासद झाला. तिथे कच्च्या हाताला थारा नसे. पुढे विंडमिल थिएटरच्या दिवसांत त्यानं एका आठवड्यात ५२ खेळ केले. एवढ्या खेळांत माणूस चुकायचा थांबतो. चुकत राहिलाच, तर ते ठरवून.

त्याचा बाटली-ग्लासचा प्रयोग पाहावा. दोन नळकांड्यांखाली बाटली आणि ग्लास जागा बदलतात, एवढंच आधी दिसतं. कूपर पुटपुटतो, गोंधळतो, नळकांडी भलतीकडेच ठेवतो. आपण त्या धांदलीला हसत असतो, तेवढ्यात बाटल्यांमागून बाटल्या निघू लागतात आणि टेबल भरून जातं. जादूगाराला प्रेक्षकाची नजर दुसरीकडे वळवावी लागते. कूपरनं ती आपल्या वेंधळेपणाकडे वळवली. तीन प्रयोग फसल्यावर प्रेक्षक सैलावतो आणि चौथा बिनचूक साधतो. बेसूर गाऊन हसवायला आधी सूर पक्का लागतो, तसंच हे.

मेहनतीचा पुरावा तर कागदोपत्रीच आहे. त्याचा संग्रह २०१६ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं घेतला. त्यात विनोदांच्या फायली आहेत, विषयवार आणि वर्णानुक्रमे लावलेल्या. देहयष्टी निसर्गानं दिली असेल; फायली त्यानं स्वतः लावल्या.

उरतो शेवटचा प्रसंग. १५ एप्रिल १९८४, लंडनचं हर मॅजेस्टीज थिएटर, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. अंगात झगा चढवल्यावर कूपर पडद्याला टेकून खाली घसरला. हृदयविकाराचा झटका होता. प्रेक्षक हसत राहिले. पडद्यामागे प्रयोगाच्या वस्तू पुरवायला लपलेला सूत्रसंचालक जिमी टारबक, त्यालाही ती गंमतच वाटली. ‘हसवता हसवता गेला, किती साजेसं मरण!’ असं यावर म्हटलं जातं. ते मला पटत नाही. कुणाच्याही मदतीविना पडून राहणं कुणालाच साजत नाही.

मात्र तो हशा आपल्या वादाचा निकाल लावतो. हा माणूस खरोखर धांदरट आहे, असं त्या प्रेक्षकांना वाटत असतं, तर तो कोसळताच कुणीतरी घाबरून उठलं असतं. कुणी उठलं नाही. कूपर पडतो तेव्हा ठरवून पडतो, हे त्या रात्री सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. टीकाकारांनी नाकारलेलं कसब प्रेक्षकांनी केव्हाच गृहीत धरलं होतं.