विडिया : दोन सुती बिटाची गोष्ट

या मालिकेत आपण लढाया आणि तहांवर बरंच बोललो. आजचा विषय बोटाच्या पेराएवढा आहे : हौशी सुतारकामात लागणारं राउटरचं छोटं बिट. ते परवडणाऱ्या किमतीत आपल्या हातात येण्यामागेही एक तह आहे, आणि तो मोडल्याची कथा आहे.

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो आणि लाकडाचा नाद लागला. राउटर म्हणजे लाकडात खाच पाडणारं, कडेला गोलाई देणारं वेगवान यंत्र. एका हातात मावेल असं छोटं असलं तर बाजारात त्याला ट्रिमर म्हणतात. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, बिटं मात्र घेतच राहावी लागतात. इंदूरच्या सियागंजात दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘साब, एचएसएस दूँ या विडिया?’’ किमतीचं सगळं गणित या दोन शब्दांत आहे.

एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टील. अमेरिकेत बेथलेहेम स्टील कंपनीत फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी पोलादाला उष्णता देण्याची नवी रीत शोधली. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात त्या पोलादाचं हत्यार टोकाशी लाल होऊनही लोखंड कापत होतं. साधं पोलाद तेवढ्या उष्णतेत मऊ पडलं असतं.

विडियाची गोष्ट सुरू होते विजेच्या दिव्यापासून. दिव्यातली टंगस्टनची तार बारीक छिद्रातून ओढून काढावी लागे आणि त्या छिद्राचा साचा हिऱ्याचा असे. हिरा महाग. स्वस्त पर्याय शोधताना जर्मनीतल्या ओसराम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टबरोबर दाबून, तापवून एकजीव केली. पेटंट १९२३ चं. हक्क क्रुप कंपनीकडे गेले आणि तिने नाव ठेवलं विडिया. जर्मन भाषेत ‘वी डियामांट’, म्हणजे हिऱ्यासारखं. पुढे बंगळूरलाही विडियाचा कारखाना निघाला. आज आपल्या वर्कशॉपांत कंपनी कुठलीही असो, कार्बाइडला विडियाच म्हणतात.

आता तह. १९२८ मध्ये क्रुप आणि अमेरिकेतली जनरल इलेक्ट्रिक यांनी बाजार वाटून घेतला. अमेरिकेत पौंडाला साधारण ५० डॉलरला मिळणारं कार्बाइड ४५३ डॉलरपर्यंत चढवलं गेलं. तेव्हा सोन्याचा सरकारी दर औंसाला २०.६७ डॉलर होता. हिशेब करून पाहा, सोन्यापेक्षा कार्बाइड महाग! हिऱ्याला स्वस्त पर्याय म्हणून जन्मलेली वस्तू कागदावरच्या करारामुळे अशी हाताबाहेर गेली.

फौजी माणसाला इथे खरी गोम दिसते. कार्बाइडची हत्यारं म्हणजे तोफा आणि इंजिनं झपाट्याने बनवण्याची ताकद. महाग म्हणून अमेरिकी कारखान्यांनी ती कमी वापरली. जर्मनीने मात्र भरपूर वापरली, शिवाय रणगाडे भेदणाऱ्या गोळ्यांच्या गाभ्यातही घातली. १९४० मध्ये या कराराबद्दल अमेरिकन सरकारने खटला भरला, युद्धामुळे तो लांबला आणि १९४८ मध्ये जनरल इलेक्ट्रिक दोषी ठरली.

युद्धानंतर भाव आवाक्यात येण्याची दोन कारणं आपल्या कामाची आहेत. एक, राउटरचं अख्खं बिट कार्बाइडचं करावं लागत नाही. धड पोलादाचं ठेवून धारेपुरता कार्बाइडचा तुकडा झाळून बसवतात. दोन, इलेक्ट्रॉनिक्स. सर्किट बोर्डातल्या काचतंतूंवर पोलादाची धार टिकत नाही, म्हणून एक सुती दांड्याची, म्हणजे ३.१७५ मिलिमीटरची, अख्ख्या कार्बाइडची बारीक बिटं प्रचंड संख्येने बनू लागली. हौशी माणसाला ती आयती मिळाली.

दांड्याचं माप मुद्दाम सांगितलं, कारण तिथेच मी फसलो. आमच्या पलटणीतल्या एका दिवंगत सुभेदारांची पदकं ठेवायला त्यांच्या पत्नीसाठी मी पेटी करत होतो. लाकूड त्यांच्याच गावच्या घराच्या जुन्या सागवानी दाराचं, फळी एकच. स्वस्तात मिळाला म्हणून बारा बिटांचा डबा घेतला होता. माझ्या ट्रिमरचं कॉलेट पाव इंची, म्हणजे दोन सुती, ६.३५ मिलिमीटरचं, डब्यातल्या बिटांचे दांडे ६ मिलिमीटरचे. फरक केसाएवढा. मी आवळलं आणि चालवलं. बिट सरकत खाली उतरलं आणि खाच फळीच्या आरपार गेली.

दोष स्वस्ताईचा नव्हता. हातात कॅलिपर असून मी मोजलं नाही. जवानाने असं केलं असतं तर मी त्याला काय काय सुनावलं असतं!

तेव्हा मंडळी, तीन गोष्टी. दांडा मोजून घ्या. सहाच्या बिटाला सहाचंच कॉलेट. प्लायवुड आणि एमडीएफमधला चिकट पदार्थ पोलादाची धार खातो, तिथे विडियाच घ्या; साध्या मऊ लाकडात अधूनमधून काम असेल तर एचएसएसही चालेल, घरच्या पथरीवर धार लावता येते. आणि बारांचा डबा घेऊ नका. एक सरळ, एक गोलाईचं, एक खोबणीचं, अशी तीन चांगली बिटं सुटी घ्या. माझ्या डब्यातली नऊ अजून तशीच पडून आहेत.

ती फळी मी टाकली नाही. आरपार खाचेत त्याच दाराच्या उरलेल्या चिपेची पट्टी बसवली. सुभेदारांच्या पत्नींनी पेटी उघडली, त्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘‘इथे आमच्या दाराची कडी होती का?’’ मी खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या.

जय हिंद.