सोलापूरची एक सोसायटी आणि ऑटिझमची उद्याची औषधं

१९३०च्या सुमारास सोलापुरात एक संस्था निघाली. नाव होतं ‘शोलापूर युजेनिक्स एज्युकेशन सोसायटी’. गिरण्या, चादरी आणि चार हुतात्म्यांचं सोलापूर आपल्याला माहीत असतं, ही सोसायटी मात्र फारशी कुणाला आठवत नाही. ऑटिझमवर, म्हणजे स्वमग्नतेवर, उद्या जनुकीय उपचार येतील का, याचे व्हिडिओ हल्ली फोनवर सारखे दिसतात. ते बघण्याआधी ही गोष्ट माहीत असलेली बरी.

युजेनिक्स म्हणजे सुप्रजननशास्त्र. ‘चांगल्या’ वंशाच्या माणसांना जास्त मुलं व्हावीत, ‘सदोष’ माणसांना होऊ नयेत, असा हा विचार. शब्द घडवला फ्रान्सिस गाल्टन यांनी, १८८३ साली. सोलापूरच्या सोसायटीमागे होते डॉ. ए. पी. पिल्ले. १९३४मध्ये त्यांनी मुंबईहून ‘मॅरेज हायजीन’ हे नियतकालिक सुरू केलं. पिल्ले काही खलनायक नव्हते. संततिनियमनावर उघडपणे बोलणं हेच त्या काळी धाडस होतं, आणि बाळंतपणांनी खंगलेल्या बायकांना त्या माहितीची गरज होती. कादंबरीकार ना. सी. फडके यांनीही युजेनिक्सच्या बाजूनं इंग्रजीत पुस्तक लिहिलं होतं. शिकलेल्या, सुधारक माणसांना हा विचार आधुनिक वाटत होता.

त्याच काळात, त्याच शहरात ‘सेटलमेंट’ही होती. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी कितीतरी जमातींवर जन्मतःच शिक्का मारला होता. सोलापुरात अशी कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली जात, त्यांची हजेरी घेतली जाई. १९५२ साली त्यांची त्यातून कायद्यानं सुटका झाली. सोसायटी आणि सेटलमेंट या अगदी वेगळ्या गोष्टी होत्या. पण माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरवता येते, हे दोन्हीकडे गृहीत होतं.

ऑटिझमच्या इतिहासातही हे गृहीतक भेटतं. १९४३मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि १९४४मध्ये व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी अशा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. व्हिएन्ना तेव्हा नाझींच्या ताब्यात होतं. तिथल्या ‘श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत अपंग मुलांना मारलं जाई. अ‍ॅस्पर्गर यांनी काही मुलांना तिथं पाठवल्याचं इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं.

आता विज्ञानाकडे येऊ. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे १९७७पासूनच्या जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसत आलं आहे. पण त्यामागे एकच जनुक नाही, शेकडो जनुकांचा संबंध आहे. त्यामुळे एक बटण दाबलं आणि ऑटिझम गेला, असं होणार नाही. रेट सिंड्रोमसारख्या, एकाच जनुकातल्या बिघाडामुळे होणाऱ्या आजाराची गोष्ट वेगळी. त्यावरच्या जनुकोपचाराच्या चाचण्या माणसांवर सुरू आहेत. झटके थांबले, हातांवर ताबा आला, तर त्या मुलीचं आयुष्य सोपं होईल. अशा उपचाराला कोण नाही म्हणेल?

अडचण अशी की उपचाराच्या आधी बहुधा तपासणी येते. हे महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको. गर्भातले दोष शोधण्यासाठी आलेलं तंत्र मुली नाकारण्यासाठी वापरलं गेलं, आणि १९८८मध्ये देशात सर्वांत आधी आपल्या राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. उद्या ऑटिझमची ‘शक्यता’ सांगणारी गर्भतपासणी बाजारात आली, तर तिचं काय होईल?

बाजार तर आताच उभा आहे. ऑटिझमवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येणार नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळानं २०२२मध्ये सांगितलं. तरी थकलेल्या आईबापांना ‘उद्या’ विकणारे कमी नाहीत.

तंत्रज्ञानाची दुसरी वाटही आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘जेलो’ या अ‍ॅपमध्ये चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. न बोलणारं मूल त्यातून ‘मला नको’ असं सांगू शकतं. इथं मूल बदलावं लागत नाही, त्याचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचतं.

२०१६च्या कायद्यानं ऑटिझमला अपंगत्वांच्या यादीत घेऊन हक्क दिले आहेत. त्यामुळे नवा उपचार आला की आधी विचारायचं: यातून त्या माणसाचा त्रास कमी होणार आहे, की त्याच्यासारखी माणसं? आणि हे ठरवताना त्याला कुणी विचारलं का? सेटलमेंटमधल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं.