वाड्याचा कॅप रेट

दिवाळीत कोपरगावला गेलो तेव्हा काका म्हणाले, "अरे, गावातला तो दुमजली वाडा विकायला निघालाय. ४० लाखांत मिळेल. थोडी डागडुजी केली की झालं." मी लगेच लॅपटॉप उघडला. सवय, दुसरं काय!

कॅप रेटचं गणित सोपं. वर्षाच्या भाड्यातून घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती वजा करायची आणि उरेल त्याला किमतीने भागायचं. आठ भाडेकरूंचे मिळून महिन्याला २,४०० रुपये, म्हणजे वर्षाला २८,८००. खर्च जाऊन २०,०००. कॅप रेट अर्धा टक्का! डागडुजीचे १० लाख किमतीत धरले तर ०.४. यापेक्षा एफडी बरी.

इतकं कमी भाडं आलं कुठून? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चं भाडं 'प्रमाण भाडं' म्हणून गोठवलं. त्यानंतर दिलेल्या जागांना पहिलं भाडं लागू. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार हवाच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षं टिकला.

ठरीव रकमेवर राहणारे कोपरगावने आधीही पाहिलेत. सालबाईच्या तहात (१७८२) महिना २५,००० ठरलेले राघोबादादा इथेच राहिले. पण १७८३ मध्ये ते वारले, त्यांना महागाई भेटलीच नाही. वाड्यांच्या मालकांना ती भेटत राहिली. भाड्यात दुरुस्ती भागेना, मग दुरुस्तीच थांबली. म्हणजे पडका वाडा आणि पडका कॅप रेट हे एकाच आजाराचे दोन रिपोर्ट!

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडं असं गोठवून ठेवणं अन्यायाचं ठरवलं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. या वेगाने भाडं दुप्पट व्हायला १८ वर्षं लागतात. तेव्हाही आपला कॅप रेट जेमतेम एक टक्का.

काका म्हणाले, "भाडं काय बघतोस, जागा बघ." इथेच खरी गोम आहे. ५ टक्के परतावा धरला तर या भाड्यावर वाड्याची किंमत होते ४ लाख. मग वरचे ३६ लाख कशाचे? खोल्या कधीतरी रिकाम्या होतील, या आशेचे.

वरच्या खोलीतल्या आजी पन्नास वर्षं तिथे राहतायत. जिन्याच्या मोडक्या पायऱ्या त्यांनी स्वतःच्या पैशाने बसवल्या. एक्सेलमध्ये त्यांचा सेल रिकामा करायला एक सेकंद लागतो.

काकांना नाही म्हटलं. असो.