राऊटरला जोडलेल्या डिस्कवरील फायलींचा दूरस्थ वापर (अमरावती-अकोला)

घरच्या राऊटरच्या यूएसबी पोर्टला हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून तिच्यावरील फायली परगावाहून इंटरनेटमार्फत उघडणे, उतरवून घेणे किंवा तिथे नव्या फायली ठेवणे. घरातल्या घरात हे सहज जमते. गावाबाहेरून ते जमेल की नाही, हे डिस्कपेक्षा राऊटरला मिळालेल्या आयपी पत्त्यावर अधिक अवलंबून असते.

रचना : राऊटर म्हणजे बहुधा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक. जोडलेली डिस्क तो साम्बा किंवा एफटीपीच्या साहाय्याने घरातील इतर यंत्रांना खुली करतो. साम्बाचे लेखन अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ च्या अखेरीस सुरू केले. एफटीपीचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण यांनी एप्रिल १९७१ मध्ये मांडला. डिस्क फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असल्यास ४ जीबीहून मोठी फाईल तिच्यावर मावत नाही.

उपयोग : लग्नकार्याचे फोटो व व्हिडिओ, सातबारा आणि इतर कागदांचे स्कॅन, सीसीटीव्हीचे चित्रण.

पत्त्याचा प्रश्न : आशिया-पॅसिफिक विभागासाठीचा आयपीव्ही-४ पत्त्यांचा मुक्त साठा १५ एप्रिल २०११ रोजी संपला. त्यामुळे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याची पद्धत (सीजी-नॅट) कंपन्यांनी स्वीकारली. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा ४१,९४,३०४ पत्त्यांचा पट्टा राखून ठेवण्यात आला. अकोल्यातील जठारपेठेच्या घरी डिस्क आहे आणि मुलगी पुण्याहून तिच्यावरची फाईल मागते, असे समजू. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता या पट्ट्यातला दिसला, तर तिची मागणी कंपनीच्या यंत्रापर्यंत पोचते आणि तिथेच थांबते. ती कोणत्या घरी पाठवायची हे त्या यंत्राला ठाऊक नसते. अशा जोडणीत घरच्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची मागणी ठरावीक यंत्राकडे वळवणे) कितीही नीट केले, तरी उपयोग होत नाही. डायनॅमिक डीएनएसही (बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणारी सोय) इथे निरुपयोगी ठरते, कारण ते नाव वाटून दिलेल्या पत्त्याकडेच बोट दाखवते.

जिओची मोबाइल सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये आणि जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाली, म्हणजे दोन्ही वरील टंचाईनंतर. त्यांच्या ग्राहकाला सर्वसाधारणपणे वाटून दिलेला आयपीव्ही-४ पत्ता आणि सोबत आयपीव्ही-६ पत्ता मिळतो. आयपीव्ही-६ वरून थेट घरापर्यंत येता येते. मात्र राऊटरच्या फायरवॉलमध्ये तशी परवानगी द्यावी लागते आणि पलीकडच्या टोकालाही आयपीव्ही-६ असावे लागते. इतर कंपन्या व स्थानिक केबलचालक यांच्याकडे कोणता पत्ता मिळेल, हे प्लॅनप्रमाणे बदलते. जोडणी घेण्याआधीच ते विचारून घेणे आणि गरज असल्यास जादा शुल्क भरून स्थिर पत्ता मागणे इष्ट.

प्रवेशाचे मार्ग : (१) सार्वजनिक पत्ता असल्यास राऊटरवरच व्हीपीएन (घरापर्यंतचा खासगी, कूटबद्ध मार्ग). वायरगार्ड हा त्याचा हलका प्रकार मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाला. (२) सीजी-नॅट असल्यास टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारखी सेवा. हिच्यात घरचे यंत्र स्वतःहून बाहेर संपर्क साधते, त्यामुळे बाहेरून आत येणारी वाट उघडी ठेवावी लागत नाही. साध्या राऊटरवर ही सेवा बहुधा चालत नाही. ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातलेला राऊटर, रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा घरात पडून असलेला जुना लॅपटॉप लागतो. (३) राऊटर कंपनीचे स्वतःचे क्लाउड अ‍ॅप.

वेग : परगावाहून फाईल घेताना घरच्या जोडणीचा अपलोड वेग महत्त्वाचा ठरतो, डाउनलोड नव्हे. २ जीबीचा लग्नाचा व्हिडिओ १ एमबीपीएस अपलोड असलेल्या जुन्या एडीएसएल तारेवरून यायला सुमारे साडेचार तास लागतात. ३० एमबीपीएस फायबरवरून सुमारे नऊ मिनिटे.

स्थानिक अडचणी : वऱ्हाडात ‘लाईन गेली’ (वीज गेली) की राऊटर आणि डिस्क एकदमच बंद पडतात. लिहिणे चालू असताना असे झाल्यास फॅट-३२ व एक्सफॅट डिस्कवरील फायली बिघडण्याचा धोका अधिक असतो. एनटीएफएस व एक्स्ट-४ यांत बदलांची नोंदवही ठेवली जात असल्याने तो कमी असतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस राऊटर चालू ठेवतो. राऊटरच्या पोर्टवरूनच वीज घेणारी अडीच इंची डिस्कही त्यावर चालते, साडेतीन इंचीला मात्र वेगळा पुरवठा लागतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. काही बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकांत भोवतालच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. त्यामुळे माळ्यावर किंवा पत्र्याखाली ती ठेवू नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात तणावाच्या काळात इंटरनेट सेवा बंद ठेवण्यात आल्या होत्या. ज्या जोडण्यांना अशी बंदी लागू होते, तिथल्या डिस्क तेवढे दिवस बाहेरून मिळत नाहीत.

सुरक्षा : फेब्रुवारी २०१४ मध्ये असुस कंपनीच्या राऊटरमधील त्रुटींचा फायदा घेऊन १२,९०० हून अधिक ग्राहकांच्या जोडलेल्या डिस्कमध्ये परक्यांनी शिरकाव केला. कंपनीच्या एआयडिस्क सुविधेतील मूळ मांडणी स्वीकारली, तर डिस्क पासवर्डाशिवाय साऱ्या जगाला खुली होत असे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी फेब्रुवारी २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला २० वर्षे स्वतंत्र तपासण्या मान्य कराव्या लागल्या. साम्बाचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवणे त्याहून घातक. साम्बा ज्या एसएमबी पद्धतीने फायली वाटतो, तिच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील त्रुटीच्या आधारे मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरले. त्याच त्रुटीचा आधार घेणाऱ्या नॉटपेट्याने जून २०१७ मध्ये न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. अनेक जुने राऊटर अजूनही एसएमबीची हीच पहिली आवृत्ती वापरतात. विंडोज १० मध्ये ऑक्टोबर २०१७ पासून ती आपोआप बसवली जात नाही, म्हणून नव्या लॅपटॉपवर अशी डिस्क दिसत नाही. लॅपटॉपवर ती आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानण्याऐवजी राऊटरचे फर्मवेअर अद्ययावत करावे किंवा राऊटर बदलावा. एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो, त्यामुळे तो व्हीपीएनबाहेर वापरू नये.

कायदा : दुसऱ्याच्या डिस्कमध्ये परवानगीशिवाय शिरणे हे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येते.