शेमा : ऐकण्याची प्रार्थना

प्रार्थना ही देवाला उद्देशून असते, असे आपण सहसा गृहीत धरतो. यहुदी धर्मातील नित्यपठणाच्या केंद्रस्थानी असलेली ‘शेमा’ मात्र या कल्पनेत बसत नाही. हिब्रूत ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’. ऐकायचे आहे ते देवाने नव्हे, तर इस्राएलच्या लोकांनी. ईश्वर एकच आहे आणि त्याच्यावर सर्वस्वाने प्रेम करावे, हे मोशेने लोकांना सांगितले. तेच वचन हे लोक सकाळ-संध्याकाळ एकमेकांना ऐकवत आले. येथे याचना नाही, साक्ष आहे.

पठणातील तीन उताऱ्यांपैकी दोन ‘अनुवाद’ या ग्रंथातले, तर तिसरा ‘गणना’ या ग्रंथातला. हे शब्द मुलांना शिकवावेत आणि दाराच्या चौकटीवर लिहावेत, अशी आज्ञा त्यांतच आहे. घराच्या दारावर लावला जाणारा ‘मेझुझा’ याच आज्ञेतून आला.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि वेदीवरचे बळी थांबले. शेमाला मात्र ना वेदी लागत होती, ना पुरोहित. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या धर्मसंहितेचा आरंभच संध्याकाळी शेमा केव्हापासून म्हणावी, या प्रश्नाने होतो. उत्तर असे, की पुरोहित आपल्या वाट्याचे पवित्र अन्न खाण्यास जातात त्या वेळेपासून. मंदिर जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती, तरी दिवसाची वेळ त्याच्याच आठवणीने मोजली जात होती. रोमन अधिकाऱ्यांनी छळ करून मारलेल्या रब्बी अकिवांचे प्राण शेमेतील ‘एकच’ हा शब्द उच्चारतानाच गेले, असे तालमूद सांगते.

या पठणाचे सामर्थ्य पाहायचे तर आपल्या कोकणातच यावे लागेल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे बेने इस्राएल मराठी बोलत होते. परंपरेनुसार त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ उरले नव्हते. सुंता, शनिवारची विश्रांती, आहाराचे काही नियम आणि शेमा एवढेच उरले होते. डेव्हिड राहाबी नावाच्या धर्मबांधवाने याच खुणांवरून त्यांना ओळखले, असे ते सांगतात. राहाबीच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पुढे 1796 मध्ये या समाजाने मुंबईत आपले पहिले प्रार्थनामंदिर उभारले.

शेमा कोणत्याही भाषेत म्हणता येते, असे मिश्ना सांगते. कारण ऐकणे म्हणजे समजणे. कोकणात मात्र याच्या उलट घडले. अर्थ सांगणारे ग्रंथ हरवले, तरी शब्दांचा नाद लोकांच्या तोंडी राहिला. त्याला कोणी पोकळ पाठांतर म्हणेल. पण तोराच्या हस्तलिखितात शेमेच्या पहिल्या ओळीचे पहिले आणि शेवटचे शब्द ज्या अक्षरांनी संपतात, ती दोन अक्षरे मोठी लिहिण्याची प्रथा आहे. ती जोडली की ‘एद’ म्हणजे ‘साक्षीदार’ हा शब्द होतो. कोकणातल्या त्या तेल्यांनी, अर्थाची वाट न पाहता, हे साक्षीदारपण पिढ्यान्‌पिढ्या निभावले.